घरात असं कोणाले होतं का?

प्रिय मालाताई,

जयभीम.

आज तुझ्या पोरीनं माझ्या हातातली गोळी परत केली. म्हणून लिहून राहिली. नाहीतर गेलेल्या माणसाले चिठ्ठ्या लिहिणाऱ्यातली मी नाही, हे तुले माहीत आहे. तू जिवंत होती तेव्हाही मी तुले कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोन होता ना! फोनवर मी काय दिवे लावले ते पुढे येईलच.

आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. वॉर्डाच्या रिपोर्ट बुकात मी शुद्ध लिहिते, तोलूनमापून लिहिते. तुले शुद्ध कायले लिहू? खापरखेड्याच्या वीज प्लँटच्या कॉलनीत एकाच नळावर भांडून मोठ्या झालो आपण. आजही तशीच भांडणार आहे.

प्रज्ञा आमच्या वॉर्डात आहे, ताई. माझ्याच वॉर्डात, सोमवारपासून. आता थोडी बरी आहे. काल पहिल्यांदा सलग सहा तास झोपली, झोपेच्या तक्त्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं. आज सकाळी डॉक्टर मॅडमनं तिची नवी गोळी सुरू केली. मी वाटीत गोळी घेऊन गेली. तिनं ती तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, आई हीच खायची ना?"

मी हो म्हटलं.

"मंग आई मेली कशानं?"

एकवीस वर्षं झाली मले मनोरुग्णांच्या वॉर्डात. शिव्या खाल्ल्या, थपडा खाल्ल्या, एकीनं तर दंडाले कडकडून चावा घेतला. त्यातलं काही असं लागलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगते. तिनं गोळी परत वाटीत टाकली आणि म्हणे, मंग गोळी पण उद्याच खाईन.

उद्या सकाळी आठले मले तिले उत्तर द्यायचं आहे. उत्तर मिळालं नाही तर ती गोळी खाणार नाही, आणि गोळी नाही खाल्ली तर चार महिन्यांच्या लेकराची माय पुन्हा तिथंच जाईल जिथून आम्ही तिले पाच दिवसांत ओढून आणलं. त्या उत्तरात तू आहे, भाऊजी आहेत आणि सगळ्यात जास्त मी आहे. म्हणून आज तुझ्याशी भांडून घेते.

तुझं बाळंतपण आठवते का? प्रज्ञा वीस दिवसांची होती. तू माहेरी, आपल्या क्वार्टरमध्ये. चार दिवस तुझी पापणी लागली नव्हती आणि तरी तू ताजीतवानी! बाळंतीण बाई उठली आणि अख्ख्या लाइनीतल्या बायांले जेवाले बोलावून आली. लग्नातल्या साड्या वाटून टाकल्या. अंगणात उभी राहून सांगत होती, प्लँटच्या चिमणीचा धूर आकाशात माझ्या पोरीचं नाव लिहून राहिला, पाहा. आईची मावशी म्हणे बाळंतवारा. शेजारीण म्हणे बाहेरचं. आणि ज्या घरात समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगल्या होत्या, त्याच घराच्या मागच्या दारी लिंबू कापलं गेलं. बाबा शिफ्टले होते. त्यांले शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मी तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाले. होस्टेलवरून आली, तुझ्याजवळ बसली आणि वहीत लिहीत गेली. किती तास झोपली, काय खाल्लं, एका दमात किती बोलली, कोणत्या गोष्टीवर चिडली. बाकी सगळे तुले गप्प बसवून राहिले होते आणि मी तुले बोलू देत होती. दुसऱ्या दिवशी तुले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं माझी वही वाचली आणि विचारलं, आधी काय बदललं? मी म्हटलं, झोप. त्यानं मान हलवली. जे मले वाटलं होतं तेच त्यानं कागदावर लिहिलं. बायपोलर. म्हणजे मन कधी उधाणते आणि कधी तळाले जाऊन बसते, तो आजार.

नर्सनं निदान करायचं नसते, हे आमाले पहिल्याच आठवड्यात शिकवतात. निदान डॉक्टर करते. नर्सनं पाहायचं, विचारायचं, लिहायचं. बरं बावा! पण डॉक्टर पेशंटले दहा मिनिटं पाहते आणि आम्ही चोवीस तास. आमच्या वहीत नाही ते डॉक्टरच्या डोक्यात कुठून येईल? असो. सांगायचं हे, की माझं पहिलं निदान तू होती. ते बरोबर निघालं आणि त्याचा मले माज चढला.

त्याच शहाण्या वहीवालीनं महिन्याभरात दुसरं काम केलं. तू घरी आली. रोज लिथियमची गोळी सुरू झाली. कॉलनीतल्या बाया विचाराले लागल्या, मालाले कायची गोळी आहे वं? आईचं तोंड उतरलं. मी झटकन म्हटलं, थायरॉईडची. सगळ्यांचं समाधान झालं! कोणी म्हणे माझ्या नणंदेलेही आहे, कोणी म्हणे कोबी खाऊ नको. भाऊजीले मीच पढवलं, तुझ्या सासूले मीच पटवलं. लोक थायरॉईडले भीत नाहीत, मी म्हटलं. किती हुशार वाटली होती मी स्वतःले.

आता मले सांग, तू काहून ऐकलं माझं? मोठी तू होती ना? माझं एक ऐकायची नाही तू. मी म्हणायची केस बांध तर मोकळे सोडायची, मी म्हणायची हळू चाल तर सायकल दामटायची. मंग नेमकं हेच काहून ऐकलं? एकदा तरी म्हणायचं होतं, कुंदा, चूप बस, मले बायपोलर आहे आणि मी गोळी खाते, ज्याले जे म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्यात तेवढी धमक होती. मीच तुले लपायले शिकवलं आणि तू लपली.

बावीस वर्षं तू त्या गोळीवर धडधाकट जगली. राग आहे म्हणून खरं लिहू नये असं थोडीच आहे! सासरी, सावनेरात, तुझ्या पिको-फॉलच्या मशिनीसमोर लग्नसराईत बायांची रांग लागायची. प्रज्ञाले तू डबा देऊन शाळेत धाडलं, कॉलेजात धाडलं. मधे एकदा आठ दिवस गोळी सोडून पाहिली आणि पुन्हा धुरात नावं वाचाले लागली, तेवढं एक सोडलं तर काही झालं नाही. दर तीन महिन्यांनी मी येऊन तुझ्या स्वयंपाकघरात तुझं रक्त काढायची, बर्फाच्या डब्यात घालून नागपूरले न्यायची आणि गोळी रक्तात किती आहे ते तपासून घ्यायची. शेजारणींले तू सांगायची, बहीण शुगर तपासते. दर उन्हाळ्यात माझा फोन ठरलेला. पाणी पी, मीठ बंद करू नको, जुलाब लागले की लगेच सांग. हे तुले पाठ होतं. मले पाठ होतं. मंग?

मंग प्रज्ञाले स्थळ आलं. निखिलचं. पोरगा चांगला, घर चांगलं, आपल्यातलंच, माणसं साधी. आणि गोळीचं त्यांले कळलं तर, म्हणून तू आणि भाऊजी घाबरले. तू मले म्हटलं, आता तीन महिन्यांचं रक्त-बिक्त नको, पाहणारं कोणी पाहील. मी ऐकलं! दर तीन महिन्यांनी सुई घेऊन येणारी मी, लग्न जमेपर्यंत थांबू म्हटलं. त्यातच तुझं बीपी वाढलं. तू गावातल्या डॉक्टरकडे गेली. त्यानं विचारलं, अजून कोणती गोळी चालू आहे? तू सांगितलं, थायरॉईडची. त्या बिचाऱ्यानं लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी लिहिली आणि मीठ कमी करा म्हटलं. त्याची काय चूक? त्यानं विचारलं होतं.

लिथियम स्वतःच एक मीठ आहे, ताई. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते रक्तात साचते आणि विष होते. हात थरथरतात, जुलाब लागतात, तोल जाते, जीभ जड होते. हे मी नर्सिंगच्या दर बॅचले शिकवते. नागपूरच्या मे महिन्यात तर रोज शिकवते. आणि तू बिनमिठाचं वरण खाऊन, लघवीची गोळी घेऊन, त्या उन्हात बस्त्याच्या साड्या पाहत फिरत होती. मले एका शब्दानं सांगितलं नाही! का, मी रागावीन म्हणून? रागावली असती. चार शिव्या दिल्या असत्या. जिवंत असती तू.

आता माझं ऐक. हे कोणाले माहीत नाही, फक्त भाऊजीले.

मंगळवार होता. दुपारची वेळ, वॉर्डात दोन नवीन पेशंट आलेले, एक बाई खिडकीच्या गजाले धरून ओरडून राहिली होती. भाऊजीचा फोन आला. म्हणे, मालाचे हात कापून राहिले, चालताना भेलकांडते, काहीबाही बोलते, दोन दिवसांपासून पोट बिघडलं आहे. सगळं सांगितलं बिचाऱ्यानं. माझ्या विद्यार्थिनीले परीक्षेत एवढं दिलं असतं तर तिनं एका मिनिटात उत्तर लिहिलं असतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, लग्नाच्या टेन्शननं हिचं पुन्हा सुरू झालं, हिनं गोळ्या बुडवल्या असतील. आजपासून दोन्ही वेळची गोळी समोर बसून खाऊ घाला, एकही चुकली नाही पाहिजे.

जुलाबाचं मी ऐकलंच नाही. ऐकलं, पण उन्हाळा आहे, होतात, म्हणून सोडून दिलं. कारण तू माझ्यासाठी ठरलेली होती ना! तुझा आजार मले माहीत, त्याचं निदान मीच केलेलं. तुझे हात कापले तरी बायपोलर, तू धडपडली तरी बायपोलर. दुसऱ्या कोणाच्या बहिणीसाठी मी चार प्रश्न विचारले असते. किती पाणी पिली? नवीन गोळी कोणती सुरू झाली? शेवटचं रक्त कधी तपासलं? आपल्या बहिणीसाठी मी एक प्रश्न विचारला नाही, हुकूम सोडला आणि फोन ठेवला.

भाऊजीनं माझा हुकूम तंतोतंत पाळला. तुझ्या तोंडाले पेला लावून गोळ्या पाजल्या. तीन दिवस.

शुक्रवारी तुले नागपूरले, धंतोलीतल्या दवाखान्यात आणलं. निखिलचे मायबाप पण धावत आले, भली माणसं, कोणी न बोलावता आले. आणि पलंगाभोवती ते उभे असताना डॉक्टरनं भाऊजीले विचारलं, पेशंटले काय गोळ्या चालू आहेत? भाऊजी म्हणाले, बीपीची आणि थायरॉईडची. डॉक्टरले काही पटलं नसावं. त्यानं वाकून तुलेच विचारलं, ताई, अजून काही गोळी घेता का? भाऊजीनं मले नंतर सांगितलं, तुझी जीभ वळत नव्हती, पण तू व्याह्यांकडे पाहिलं आणि तेवढा एक शब्द नीट उच्चारला. "थायरॉईड."

मरता मरता लाज राखाले निघाली होती तू! कोणाची लाज? बावीस वर्षं घर चालवलं, पोरगी शिकवली, गोळीसाठी गजर लावून उठली, त्याची लाज? शब्द माझा होता, मान्य. पण तोंड तुझं होतं ना वं, ताई!

मी ड्यूटी संपवून चारले पोहोचली. दारातूनच तुझे हात दिसले, ओठांच्या कडेचा थरकाप दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी डॉक्टरले बाजूले घेऊन म्हटलं, सर, ही लिथियमवर आहे.  त्यानं माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, त्यावर माझ्या वॉर्डाचं नाव होतं. त्यानं लगेच रक्त धाडलं, मशीन लावलं, रक्त धुतलं. पण किडन्या बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तू गेली.

लोक म्हणाले ऊन लागलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो उठला त्यानं उन्हाले शिव्या दिल्या. भाऊजी खाली मान घालून बसले होते, मी पांढऱ्या साडीत चहाचे कप उचलून राहिली होती. मले उठून ओरडावंसं वाटत होतं. ओरडली नाही. पुढं प्रज्ञाचं लग्न झालं, चांगलं झालं. तुझ्या फोटोले हार घातला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा.

आणि यंदा तिचं बाळंतपण झालं. पोरगा झाला, ताई. तुझ्यासारखं रुंद कपाळ आहे. महिन्याभरानं ती रडाले लागली, जेवण सोडलं, लेकराकडे पाहीना. निखिलनं लपवलं नाही, घरगुती उपाय केले नाहीत, सरळ मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सोबत भाऊजी होते. डॉक्टरनं विचारलं, आईच्या किंवा बाबाच्या घरात असं कोणाले होतं का? भाऊजी म्हणाले, नाही.

त्या एका नाहीनं काय होते, तुले सांगते. उदास माणसाले उदासी उतरवणारी गोळी देतात, बरोबर आहे. पण घरात बायपोलर असेल तर डॉक्टर सावध होते, कारण नुसत्या त्या गोळीनं मन एकदम दुसऱ्या टोकाले उसळू शकते. हे त्याले कसं कळावं? त्याले कागदावर दिसत होती एक उदास बाळंतीण. संध्याकाळी भाऊजीनं मले फोनवर सगळं सांगितलं. मी म्हटलं, भाऊजी, त्याले मालाताईचं सांगावं लागते. ते म्हणाले, पोरीचं घर मोडाले निघाली का तू? आणि मी चूप बसली. आणखी एकदा! तीन आठवडे मी चूप बसली, रोज फोन करून झोपली का एवढं विचारत राहिली. मंग एक दिवस निखिल म्हणे, मावशी, आता तर झोपतच नाही, बडबडते, लेकराले घेऊन गच्चीवर जाते आणि म्हणते याले सगळं गाव पाहून राहिलं. मी म्हटलं, लेकरू तुझ्या आईजवळ दे आणि तिले आत्ताच घेऊन ये.

आमच्या वॉर्डाची एक रीत आहे, मीच पाडलेली. भरतीच्या कागदावर घराण्यातल्या आजाराचा रकाना असते. नातेवाईक हटकून म्हणतात, नाही. मी पोरींले शिकवते, पहिल्या नाहीवर पेन टेकवायचं नाही. घोळक्यात विचारायचं नाही. एकेकाले बाजूले घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि मंग आजार हा शब्द न काढता विचारायचं. कोणी महिनोन्महिने झोपत नव्हतं का, कोणी घर सोडून गेलं होतं का, कोणी अशी गोळी खायचं का जिचं नाव घरात घेत नाहीत. बहुतेक वेळा एखादी आत्या, एखादी मावशी सांगते.

सोमवारी भरतीले अश्विनी होती. अश्विनी म्हणजे माझ्या हाताखालची, दोन वर्षं झाली नोकरीले, माझ्या तालमीत तयार झालेली. तिनं भाऊजीले विचारलं, ते म्हणाले नाही. तिनं निखिलले विचारलं, त्याले काही माहीतच नाही. मंग ती माझ्याकडे आली. मी गणवेशात नव्हती, त्या दिवशी मी नातेवाईक होती. तिनं मले औषधाच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला. आणि म्हणाली, "सिस्टर, पेशंटची आई एखादी अशी गोळी खायची का, जिचं नाव तुम्ही घरात घेत नव्हता?"

खोटं नाही बोलत, ताई, माझ्या तोंडून आधी नाहीच निघालं. सवय किती पक्की असते पाहा. अश्विनीनं पेन टेकवलं नाही. कागद मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली, जशी मी तिले बसाले शिकवली. मंग मी सांगितलं. तुझं नाव, आजाराचं नाव, गोळीचं नाव, किती वर्षं. आजारही बाळंतपणातच सुरू झाला होता, तेही सांगितलं. ती लिहीत गेली. मॅडमनं तो कागद वाचला आणि निदान बदललं, औषध बदललं. पाच मिनिटांचं काम होतं. बावीस अधिक दोन वर्षं लागली.

भाऊजीले कळलं तेव्हा ते जिन्यात आले. ताई, त्या माणसाले मी वाईट म्हणणार नाही. तुझ्या वाईट दिवसांत त्यानं तुझी वेणी घातली, पोरीची शाळा, तुझा दवाखाना सगळं केलं, कधी टाकून बोलला नाही. दुसरा असता तर माहेरी आणून सोडलं असतं. पण त्या दिवशी त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता असा होता. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू मालाचं सांगितलं ना? मंग मी पण पोरीले सांगतो, तू मले फोनवर काय म्हटलं होतं."

दोन वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. मी समजत होती विसरले. मी जिना उतरून गेली. तेव्हापासून ते वॉर्डात येतात, पोरीजवळ बसतात, माझ्याकडे पाहत नाहीत. अजून सांगितलं नाही त्यांनी. सांगतील.

निखिलच्या घरच्यांचं सांगायचं राहिलं. ज्या लोकांसाठी तू जीभ उचलून खोटं बोलली, त्यांले मी या मंगळवारी समोर बसवून तुझ्या आजाराचं सगळं सांगितलं. निखिलच्या आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मंग म्हणे, आमच्या चुलत सासऱ्याले होतं, विहिरीत गेले ते, आम्ही पाय घसरला म्हणून सांगतो. एवढं बोलून ती लेकराले पावडरचं दूध पाजाले उठली. ऐकलं का ताई? त्यांच्याकडेही होतं! तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता आणि ते तुमच्यापासून. हसावं का डोकं आपटावं, मले समजेना.

प्रज्ञा तुझ्यावर रागावली आहे. मॅडमनं तिले आजार समजावून सांगितला, तुझंही सांगितलं. ती म्हणे, मी आईले थायरॉईडवरून चिडवायची, आणि आई हसायची. मले एवढं पण सांगण्यालायक समजलं नाही का तिनं?  तिचा राग खरा आहे, तू तो घे. मी माझ्या वाट्याचा घेते.

दुपारपासून मी उत्तरं घडवून राहिली. किडन्या गेल्या, हे खरं आहे. ऊन होतं, खरं आहे. बीपीची गोळी आणि ही गोळी एकमेकींशी जमली नाही, तेही खरं आहे. यातलं कोणतंही एक सांगितलं तर मी खोटी ठरत नाही. पण पोरीनं मॅडमले विचारलं नाही, मले विचारलं. तिले वाटून राहिलं की ह्या गोळीनं तिची माय खाल्ली. गोळीनं नाही खाल्ली हे तिले पटायचं असेल तर कोणी खाल्ली ते सांगावं लागेल.

आणि पटलं तर काय होईल? ती माझं तोंड पाहणार नाही. तुझ्यामागं तिले मायेचं माणूस म्हणून मीच आहे, आणि मले लेकरू नाही, तू जाणते. तिच्या बाळंतपणात रात्रंदिवस मी बसली होती. तिच्या पोरानं पहिलं हसू मले दिलं. हे सगळं उद्या सकाळी जाईल, कदाचित. मले भीती वाटून राहिली, ताई. राग राग करून लिहिलं एवढं, पण खाली सगळी भीतीच आहे.

तरी वचन देते. उद्या आठले मी ड्यूटीच्या कपड्यात जाणार नाही. तिच्या पलंगावर बसीन आणि तो मंगळवारचा फोन जसाच्या तसा सांगीन. भाऊजी काय म्हणाले, मी काय म्हटलं, काय विचाराले पाहिजे होतं आणि काय विचारलं नाही. तुझा शब्द, माझा शब्द, काही कमी करणार नाही. मंग गोळी कशी घ्यायची, पाणी किती प्यायचं, मीठ कायले सोडायचं नाही, रक्त कधी तपासायचं, कोणती लक्षणं दिसली की दवाखान्यात पळायचं, हे निखिलले जवळ बसवून दोघांले सांगीन, आणि सगळ्या कागदांवर गोळीचं खरं नाव लिहून देईन. ती ओरडली तर ओरडू दे. मारलं तर मार खाईन. अश्विनीले सांगून ठेवलं आहे, बाहेर पाणी आणि गोळी घेऊन उभी राहा. तुझ्या पोरीनं माझ्या हातून पुन्हा काही नाही घेतलं तरी चालेल. अश्विनीच्या हातून घेतलं पाहिजे.

तुझीच,
कुंदा